निफाडकराची मुंबई

द्राक्षबागाईतदाराची सुट्टी कॅलेंडर ठरवत नाही, बाग ठरवते. ऑक्टोबरात फळछाटणी, मग डिपिंग, थिनिंग, आणि फेब्रुवारी-मार्चात व्यापाऱ्याच्या फोनकडे लागलेले डोळे. माल निघाला की एप्रिलच्या खरड छाटणीआधी बागेला थोडे दिवस विसावा देतात. निफाडचा माणूस मुंबईच्या मित्राकडे जातो तो याच दिवसांत. नेमकी तेव्हाच मित्राच्या मुलाची परीक्षा असते, वहिनींच्या ऑफिसात मार्चअखेरची धावपळ असते आणि हवेत नुसता घामच घाम. पण दिवाळीत फोनवर कुणी ‘या ना एकदा’ म्हटलेलं असतं, आणि निफाडकर बोललेला शब्द खरा धरतो.

पंचवटी एक्स्प्रेस निफाडला थांबते ती फार वेळ नाही. तेवढ्यात माणसं चढवायची, द्राक्षांच्या पेट्या चढवायच्या आणि कांद्याची गोणीही. मुंबईत कांदा मिळत नाही अशी त्याची समजूत नसते. ‘लासलगाव शेजारी असताना मित्रानं विकतचा कांदा खायचा?’ एवढाच त्याचा प्रश्न. दादरला उतरून गोणी लिफ्टनं सातव्या मजल्यावर जाते आणि वॉशिंग मशीनची जागा घेते. वहिनी हसून स्वागत करतात. त्या हसण्याचा अर्थ मित्राला रात्री कळतो.

‘तुमच्याकडे अजून थंडी असेल ना?’ मित्र विचारतो.

त्याचा दोष नाही. दर हिवाळ्यात निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सांगितला जातो, आणि मुंबईकराच्या डोक्यात निफाड बारा महिने शेकोटीजवळ बसून राहतं.

फिरायला निघाल्यावर मार्गदर्शक कोण, हा प्रश्न हायकोर्टापाशी सुटतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 18 जानेवारी 1842 रोजी निफाडला जन्मले, मुंबई विद्यापीठाच्या 1862 च्या पहिल्या पदवीधरांत होते आणि 1893 साली याच हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, हे सगळं निफाडकर फुटपाथवर उभा राहून एका दमात सांगतो. सांगताना चेहरा असा, की नेमणुकीची शिफारस ग्रामपंचायतीनंच केली असावी.

गेटवेपाशी मित्राची पाळी. पंचम जॉर्ज 1911 साली इथे उतरला, त्याच्या स्मरणार्थ ही कमान बांधली, आणि ती खुली झाली 1924 साली. निफाडकर हिशेब करतो. पाहुणा जेवून गेल्यावर तेरा वर्षांनी मांडव! त्याच्या पाणंद रस्त्याच्या फायलीबद्दल त्याला एकदम आशा वाटू लागते.

घारापुरीची बोट सुटते. तासाभराचा प्रवास, लोक सीगलना कुरमुरे टाकतात, सेल्फी काढतात. बेट जवळ येतं तशा पलीकडे न्हावाशेवाच्या बंदराच्या उंच क्रेन दिसू लागतात, आणि निफाडकर उठून उभा राहतो. 1989 पासून चालू असलेल्या या बंदरातूनच त्याची द्राक्षं युरोपला निघतात. प्रीकूलिंग करून, शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेल्या कंटेनरात बसून थेट रॉटरडॅमला. मालकानं समुद्र असा पहिल्यांदा पाहिला. माल दर हंगामात ओलांडतो. 2010 साली क्लोरमेक्वाटचा अंश सापडला म्हणून युरोपानं आपली द्राक्षं कशी अडवली, तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे 2024 च्या हंगामात बोटींना आफ्रिकेला वळसा घालून कसं जावं लागलं, हे तो शेजारच्या अनोळखी जोडप्याला सांगतो. ते बिचारे हनिमूनला आलेले. तरी ऐकतात. बोटीतून उतरणार कुठे?

लेणी त्याला आवडतात. सुमारे वीस फुटांच्या त्या त्रिमुखी शिवापुढे तो चक्क गप्प राहतो, आणि मित्राला दिवसभरात पहिल्यांदा समुद्राचा वारा ऐकू येतो. मात्र पायऱ्या उतरताना एक माकड झडप घालून पिशवीच घेऊन जातं. आत एक्स्पोर्ट क्वालिटीचा थॉमसन. माकड कठड्यावर बसून एकेक मणी सावकाश खातं. रेसिड्यूचा रिपोर्ट मागत नाही, मण्याचा आकार मोजत नाही, पेमेंट पुढच्या महिन्यात देतो असंही म्हणत नाही. निफाडकर बराच वेळ बघत राहतो. ‘गिऱ्हाईक चांगलं आहे,’ तो म्हणतो.

संध्याकाळी दादरच्या फळवाल्याकडे तो द्राक्षांचा भाव विचारतो. आकडा ऐकून पुन्हा विचारतो. मग बागेतल्या भावात नेमके किती हात मिसळले म्हणजे हा आकडा होतो, याचा हिशेब जेवण होईपर्यंत चालतो. मुलाची दुसऱ्या दिवशी गणिताचीच परीक्षा असते. टक्केवारीचा सराव आपोआप होतो.

निफाडचे पाहुणे यायचे असतील तर दोन गोष्टी टिपून ठेवा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. आणि वॉशिंग मशीनशेजारी गोणीपुरती जागा आधीच रिकामी करा.