शांतताप्रिय भावोजी

आमच्या भावोजींनी पंखा बंद केला की समजावं, रेकॉर्डिंग सुरू होणार. मग फ्रिज बंद होतो. भिंतीवरचं घड्याळ उतरून बाल्कनीत जातं. शेवटी ते माझ्या बहिणीकडे बघतात. तिला बटण नाही, एवढीच अडचण. भर मे महिन्यात, डोंबिवलीतल्या खिडक्या लावलेल्या खोलीत, स्वतःच्या आणि समोरच्याच्या डोक्यावर गोधडी धरून हे गृहस्थ म्हणतात, "हं, बोला. अगदी मोकळेपणाने बोला."

बँकेतून निवृत्त झाल्यावर भाच्याने त्यांना लॅपटॉपवर ऑडॅसिटी टाकून दिलं. २००० सालापासून हे सॉफ्टवेअर फुकट मिळतंय हे कळल्यावर इतकी वर्षं फुकट गेल्याची हळहळ त्यांना दोन दिवस पुरली. बाकी काम ओळखीचंच होतं. निळ्या लाटांचं खातं, शून्य डेसिबलची मर्यादा. आवाज तिच्यावर गेला की लाल रेघ, म्हणजे ओव्हरड्राफ्ट.

तेव्हापासून माणूस काय बोलतो याकडे त्यांचं लक्ष नसतं. परवा शेजारी दारातूनच म्हणाले, "भावोजी, बरं आहे ना?" उत्तर आलं, "तुमचा 'भ' फुटला. 'ब'सुद्धा. तोंड माइकच्या जरा बाजूला ठेवत जा." माइक आत कपाटात होता. वायरमनला त्यांनी ऐकवलं, की आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून रेकॉर्डिंगमधली गुणगुणही ५० हर्ट्झची. तो म्हणाला, "मग मी काय करू, काका?"

सोसायटीच्या गणपतीत सेक्रेटरींचं नऊ मिनिटांचं भाषण त्यांच्या हाती लागलं. 'म्हणजे', 'आपलं ते', 'काय आहे की' एवढं काढल्यावर अडीच मिनिटं उरली. प्रत्येक काप लाट शून्यावर येते तिथेच, म्हणजे सांध्यात 'टक्' वाजत नाही. कारागिरी चोख! फक्त भरात श्वासही काढून टाकले. विसर्जनाच्या दिवशी ते भाषण लाऊडस्पीकरवर लागलं तेव्हा ऐकणाऱ्यांनाच धाप लागली.

पण त्यांचा खरा जीव नॉइज रिडक्शनवर. आधी नुसत्या खरखरीचा एखादा सेकंद निवडून प्रोग्रामला द्यायचा, पोलिसांच्या कुत्र्याला चोराचा रुमाल हुंगायला द्यावा तसा. मग सगळं रेकॉर्डिंग निवडून म्हणायचं, "छू!" हे एकदाच आणि बेताने करायचं असतं. भावोजी आग्रहाने दुसऱ्यांदा वाढतात. मग खरखर जाते आणि माणूस पाण्याच्या टाकीतून बोलू लागतो.

गेल्या होळीला त्यांनी आमच्या आईची पुरणपोळी रेकॉर्ड केली. आई गोधडीत बसायला तयार नव्हती, म्हणून माइक स्वयंपाकघरात गेला. पुढच्या तीन रात्री भावोजी जागे. नळ गेला, कोकीळ गेली, भांडीवालीची हाक गेली. कुकरची शिट्टी तेवढी हटेना. स्पेक्ट्रोग्राममध्ये तिचे उजळ पट्टे शोधून त्यांनी सगळ्या शिट्ट्या एकेक करून हाताने उपटल्या.

रविवारी आईच्या कानांवर हेडफोन चढवले. आई डोळे मिटून ऐकत होती. भावोजी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, ऑडिटरकडे बघावं तसे. मध्येच आईने डोळे उघडले.

"अहो जावईबापू, ही बाई म्हणतेय, चार झाल्या, आता गॅस बंद कर. चार काय झाल्या?"

"शिट्ट्या, आई. काढल्या मी."

"मग डाळ शिजली कशी?"

भावोजी न जेवता लॅपटॉप बगलेत मारून घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीचा फोन आला.

"डबा घेऊन ये. सकाळपासून तीन कुकर डाळ शिजवून झाली. पंखा बंद, फ्रिज बंद, कुकरसमोर गोधडी. आणि हे म्हणताहेत, शिट्टी दर वेळी लाल रेघेवर जातेय, जरा हळू वाजव."