साठीनंतर पेटी शिकण्याची शास्त्रोक्त पद्धत

१. व्याख्या
निवृत्तीमुळे रिकामा झालेला माणूस आणि माळ्यावरून खाली उतरलेली बाजाची पेटी यांच्या संयोगाने घरात जी परिस्थिती उद्भवते, तिला 'पेटी शिकणे' असे म्हणतात. उशिरा शिकण्यात कमीपणा नाही. पेटीसुद्धा उतारवयातच मांडी घालायला शिकली. युरोपात ती खुर्चीवर बसून, पायांनी भाता मारून वाजवत. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला हातभाता दिला, तेव्हा ती जमिनीवर आली.

२. साहित्य
नवी पेटी घेण्याची घाई करू नये. कोणा ना कोणा नातेवाइकाच्या माळ्यावर एक असतेच. वर जुनी चादर, आत झुरळे. प्रथम झुरळांचे पुनर्वसन करावे. मग एकही पट्टी न दाबता भाता भरून पाहावा; तो लगेच बसला तर हवा गळते आहे. न दाबता आपणहून बोलणारी पट्टी कारागिराला दाखवावी. घरातल्या माणसांसाठी ही सोय उपलब्ध नाही.

३. गुरू
गुरू वयाने शिष्याच्या निम्मा असतो. त्याने शिष्याला 'काका' म्हणावे, शिष्याने त्याला 'सर' म्हणावे आणि दोघांनी एकमेकांना अहोजाहो करावे. शेजारी बसणारी दुसरीतली मुलगी मात्र ज्येष्ठ विद्यार्थिनी समजावी. "आजोबा, अंगठा काळीवर नाही ठेवायचा," असे ती म्हणाल्यास अंगठा मुकाट्याने उचलावा. तीस वर्षे इतरांच्या फायलींत चुका काढलेल्या माणसाला हा व्यायाम विशेष गुणकारी आहे.

४. वेळ
भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत. सोसायटीत दुपारी एक ते चार आणि रात्री नऊनंतरचा काळ वर्ज्य आहे. पहिला नियम मोडल्यास राग बिघडतो, दुसरा मोडल्यास राग येतो.

५. पहिले तीन महिने
'सारेग, रेगम, गमप' या अलंकाराने सुरुवात करावी. उजव्या हाताला पट्टी सापडते त्याच क्षणी डावा हात भाता विसरतो आणि सूर धाप लागल्यासारखा मान टाकतो. डाव्याला आठवण करून द्यावी, तर उजवा चुकतो. साधारण तिसऱ्या महिन्यात दोन्ही हातांचा समेट होतो. तो नेमका कधी झाला हे विद्यार्थ्याला कळत नाही. स्वयंपाकघरातून "आज बरं वाजतंय" असे ऐकू आले, की झाला असे धरावे.

६. आक्षेप आणि निवारण
घरच्यांनी पेटीवर बंदी घालण्याचा प्रस्ताव मांडल्यास खचू नये; अशा प्रस्तावाला थोर परंपरा आहे. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने पेटीला दूर ठेवले होते. तिचे सूर ठरलेल्या जागी खिळलेले, त्यामुळे तिच्यातून मींड निघत नाही, हा मुख्य आक्षेप. तो खराच आहे. मात्र नवशिक्याच्या गळ्यातूनही मींड निघत नसल्याने दोघांचे उत्तम जमते.

७. मुख्य प्रयोग
हा प्रयोग घरात कोणी नसताना करावा. काळी तीनला षड्ज मानावा आणि फक्त काळ्या पट्ट्या क्रमाने वाजवाव्यात. भूपाचे सूर मिळतात. त्याच काळ्या पट्ट्या काळी एकपासून वाजवल्या की दुर्गाचे सूर येतात आणि काळी पाचपासून मालकंसाचे. सप्तकातल्या पट्ट्या त्याच पाच, फक्त षड्जाची जागा बदलली. जाणकार याला मूर्च्छना म्हणतात. अर्थात, सूर हाती आले म्हणजे राग आला असे नव्हे. पण हे प्रथम कानावर पडते तेव्हा विद्यार्थी भाता धरून काही वेळ नुसता बसतो. त्याला उठवू नये. आधीची सहा कलमे एवढ्यासाठीच होती.

८. परीक्षा
गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत. वर्षाला एक धरली, तर साठीला बसलेला माणूस सदुसष्टीच्या सुमारास विशारद होतो. शिकला नाही तरी तो सदुसष्टचा होणारच असतो. परीक्षेच्या ठिकाणी बाकी परीक्षार्थींचे पालक दाराबाहेर उभे असतात. याच्यासाठी नातवाला उभे करावे. नापास झाल्यास तोच अभ्यास पुन्हा वर्षभर करायला मिळतो, हा अतिरिक्त लाभ.

९. निषेध
वरील सर्व नियमांना अपवाद चालतील, पुढील नियमाला चालणार नाही: पेटी पुन्हा माळ्यावर ठेवू नये.