विटा, वाळू आणि फीत

शीतगृहांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात: ज्याचे उद्घाटन होते ते आणि ज्याचे होत नाही ते. पहिल्याला कॉम्प्रेसर, जनित्र, कोनशिला आणि फीत लागते. दुसऱ्याला विटा, वाळू, गोणपाट आणि पाणी पुरते. भाजीला हा फरक कळत नाही, त्यामुळे धोरण ठरवताना तिचे मत घेण्याची प्रथा नाही.

तोडलेली भाजी मेलेली नसते. ती श्वास घेते, साठवलेली साखर जाळते, उष्णता सोडते आणि पाणी गमावते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. मे महिन्यात बांधावर टेम्पोची वाट पाहत ठेवलेले टोमॅटोचे क्रेट पुढच्या आठवड्याचे आयुष्य त्याच दुपारी जाळून बसते. टेम्पो उशिरा येतो, हे या शास्त्रातले गृहीतक आहे.

नासाडीचा हिशेब मात्र चोख आहे. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात संशोधन संस्थेच्या २०१५ च्या अहवालानुसार पेरूचे नुकसान १५.८८ टक्के, टोमॅटोचे १२.४४ टक्के, आणि सगळा शेतमाल धरून वर्षाला ९२,६५१ कोटी रुपये. दशांश चिन्हानंतरचे दोन्ही आकडे शेतापासून दिल्लीपर्यंत सुखरूप पोहोचले. टोमॅटोची व्यवस्था अजून व्हायची आहे.

ती व्यवस्था १९८० च्या दशकातच दिल्लीच्या पुसा संस्थेत रॉय आणि खुर्दिया या शास्त्रज्ञांनी करून ठेवली होती. तिचे नाव शून्य ऊर्जा शीतकक्ष. जमिनीवर विटांचा एक थर, त्यावर विटांच्या दोन भिंती, दोहोंमध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत ओली वाळू. वर बांबूच्या चौकटीवर गवत किंवा वाळ्याचे झाकण, त्यावर सावलीला छप्पर. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते आणि ती भिंतीतून घेते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, तेच हे कारण. कडक उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा दहा ते पंधरा अंशांनी उतरते आणि आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास राहते. शंभरेक किलो माल मावतो. एका दिवसात माना टाकणारी पालेभाजी तीनेक दिवस तग धरते, भेंडी पाच-सहा दिवस.

वीज लागत नाही म्हणून ऊर्जा शून्य धरली आहे. पाण्याच्या घागरी बहुधा घरातली बाई आणते. ते काम कुठल्याच मीटरवर चढत नाही.

या कक्षाचा खरा दोष निराळा आहे: तो फार स्वस्त आहे. राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याची किंमत चार हजार रुपये धरली आणि निम्मे अनुदान ठेवले. दोन हजार रुपयांसाठी सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स, हमीपत्र आणि बांधकामापूर्वीचा व नंतरचा फोटो जमवायचा, म्हणजे तालुक्याला तीन हेलपाटे. इतक्या हेलपाट्यांत विटा स्वतःच्या खिशातून आल्या असत्या. ठेकेदाराच्या दृष्टीने तर चार हजारांचे काम म्हणजे चहापाण्याचाही खर्च न निघणारे काम. मोठ्या शीतगृहाची गोष्ट वेगळी: तिथे प्रकल्पाचा आकडा कोटीत असतो आणि अनुदानाला ३५ टक्क्यांचे भारदस्त रूप येते. देशातल्या अशा गृहांचा मोठा भाग उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालमध्ये आहे आणि त्यांत मुख्यतः बटाटा राहतो. बटाट्याने जागा अडवली म्हणून त्याला दोष देता येत नाही; भाडे तोच नियमित भरतो.

स्वस्त कक्षाला मर्यादाही आहेत. बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असताना ओल्या भिंतीला बावीस-तेवीस अंशांपर्यंत उतरण्याची मुभा असते. कोकणात ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर हीच भिंत जेमतेम चार अंश कमावते. म्हणजे उपाय विदर्भ-मराठवाड्यात उत्तम चालतो, जिथे मे महिन्यात शिंपडायचे पाणी टँकरने येते. योजना आखणाऱ्यांना निसर्गाकडूनही असे सहकार्य मिळत असते.

शिवाय सगळ्या मालाला एकच उपाय मानवत नाही. केळे तेरा अंशांखाली नेले की साल काळी पडते; श्रीमंती शीतगृह त्याला सोसत नाही. कांद्याला ओल सोसत नाही. त्याच्यासाठी नाशिककडची कांदा चाळ: जमिनीपासून उचललेला तळ, खालून आणि बाजूंनी वारा, अरुंद थर. पंख्याचे एक पाते नाही, तरी उन्हाळ कांदा पावसाळा काढतो. सडतो, मोड येतात, वजन घटते, पण बराचसा उरतो. तोच कांदा शून्य अंशाजवळ कोरड्या थंडीत जास्त टिकतो, मात्र बाहेर काढताच मोड फोडून थंडीचा सूड घेतो.

मधला मार्ग अमेरिकेतल्या रॉन खोसला या शेतकऱ्याने काढला. साधा खोलीचा एसी सोळा अंशांखाली जायला तयार नसतो. त्याच्या तापमानमापकाला छोटा हीटर लावून खोली अजून गरमच आहे असे भासवले, की तो निमूट खाली उतरतो. उष्णतारोधक जाड थर देऊन बंद केलेल्या खोलीत हे स्वस्तात शीतगृह होते. इथे अडचण एवढीच की शेताला वीज अनेकदा रात्रीची मिळते आणि एसीला फसवण्याआधी महावितरणला गाठावे लागते.

यापैकी कोणतीही खोली दिवस विकत देते, भाव देत नाही. आज लिलाव पडला तर माल परत नेऊन परवा आणण्याची सोय तिने होते आणि अडत्याशी बोलताना शेतकऱ्याचा आवाज थोडा चढतो. परवाही भाव पडलेलाच असेल, तर गाडीभाडे तेवढे दुप्पट. भास्कर चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’ कथेतले टोमॅटो कुजले नव्हते; भाव नव्हता म्हणून बापाने ते बाजारातच तुडवले. शेतात शीतकक्ष असता तर ते चार दिवसांनी तुडवावे लागले असते, आणि तेव्हाही ताजे असते.