गट्टूपुराण

वारसा जतनाचा कुठलाही आराखडा उघडा. पहिल्या पानावर शाश्वत सांस्कृतिक पर्यटन, दुसऱ्यावर रोजगारनिर्मिती, तिसऱ्यावर मान्यवरांचे फोटो आणि चौथ्यावर गट्टू. खरं पान चौथं. आधीची तीन म्हणजे मंगलाष्टकं.

गट्टूंचा महिमा काय वर्णावा! वेस असो, बारव असो, समाधी असो, भोवतीचं गवत उपटायचं आणि लाल-पिवळे नागमोडी गट्टू अंथरायचे. पाचशे वर्षांचा तट गट्टूंवर उभा राहिला की शेजारच्या मंगल कार्यालयाएवढाच जुना दिसतो. पहिल्या पावसात गट्टू खचतात, दुसऱ्यात उखडतात, तिसऱ्या वर्षी जतनाचं काम नव्यानं निघतं.

म्हणूनच मला आमच्या अंजनगाव सुर्जीची काळजी वाटते. ३० डिसेंबर १८०३ रोजी इथे शिंदे आणि इंग्रजांचा तह झाला. स्पर्धा परीक्षेची पोरं तो एका गुणासाठी पाठ करतात, बाकीचे आम्हाला पानमळ्यांवरून ओळखतात. उद्या कुणाला या तहाचं स्मारक सुचलंच, तर तह नेमका कुठे झाला हे शोधायच्या आधी गट्टूंचा रंग ठरेल. ‘गट्टूशिवाय स्मारक दिसन कसं बाप्पा?’ असं कुणीतरी म्हणेल आणि बैठक चहावर येईल.

पुढची पायरी सिमेंटची. आमच्या डोक्यावर, चिखलदऱ्याला लागून गाविलगड आहे, बहमनी राजवटीतला, १४२५ चा. तहाच्या पंधरा दिवस आधी, १५ डिसेंबरला इंग्रजांनी तो घेतला. त्यांच्या तोफांनी उत्तरेच्या तटाला खिंडार पाडलं, पण तोफेचं एक बरं असतं, गोळा दगड फोडतो आणि मोकळा होतो. सिमेंट ठाण मांडून बसतं. चुन्याच्या जुन्या भिंतीतली ओल चुन्यावाटे बाहेर पडते. वरून सिमेंट थापलं की ती आत कोंडते, दगडात शिरते, क्षार फुलतात आणि दगडाचे पापुद्रे निघू लागतात. काही वर्षांनी सिमेंट शाबूत आणि दगड गायब, की झाली दुरुस्ती पूर्ण! जुने गवंडी चुना मुरवायचे, रेती आणि सुरखी घालून बैलाच्या घाण्यात मळायचे, कुठे गुळाचं पाणी, कुठे बेलफळ, कुठे हिरडा घालायचे. हे निविदेत कसं बसवणार? हिरड्याला दरसूचीत रकाना कुठे शोधायचा? आणि ज्या गावात कितीशा चुन्यानं विडा रंगतो आणि कितीनं तोंड भाजतं हे शाळकरी पोरालाही कळतं, त्या गावाच्या उशाशी चुना जाणणारा माणूस मिळत नाही म्हणून सिमेंट! चुना लावण्यात आमचे कंत्राटदार कुणाला हार जाणार नाहीत. फक्त तो भिंतीला लावत नाहीत.

आणि बायामाणसांचं काय? पर्यटन वाढवायचं म्हणता, तर दिवसभर गड चढणाऱ्या बाईनं जायचं कुठे, हे एकदा तरी कुणी विचारलं का? स्वच्छतागृह बांधलेलं असतं. त्याच्यापुढे गट्टू असतात. दाराला कुलूप असतं. किल्ली ज्याच्याकडे, तो कायम तालुक्याला गेलेला. बाया सकाळपासून पाणी पीत नाहीत, मुली अर्ध्या वाटेतून परततात, आणि अहवालात लिहिलं जातं, पर्यटकांचा प्रतिसाद अल्प. अल्पच असणार! लाज वाटायला हवी, तिथे आपण रंगीत फरशी लावतो.

गट्टूंची एवढीच हौस असेल तर पावसाळ्यात आमच्या पांदण रस्त्यांवर या. काळ्या मातीत बैलगाडी रुतते, ट्रॅक्टर फसतो, तिथे हवे तेवढे गट्टू बसवा, उद्घाटनाला हार आम्ही आणू. किल्ल्याला मात्र चुना द्या, चुना कळणारा मिस्तरी द्या, आणि आधी त्या कुलपाची किल्ली द्या.