पेटवा रे, पण जरा मोठी!

थंडी पडली रे पडली, की पवना धरणाच्या काठी तंबूंचं पीक येतं. तंबू, बार्बेक्यू, सकाळचे पोहे आणि 'बॉनफायर', सगळं एकाच दरात. मे महिन्यात गेलात तरी बॉनफायर मिळतोच. घाम पुसत माणसं विस्तवाभोवती बसतात.

पैसे भरलेत ना!

प्रत्येक टोळक्यात एक आगीचा तज्ज्ञ असतो. घरी गॅसला लायटर लावतानाही हा दोन पावलं मागं सरकतो. पण इथं? 'व्हा बाजूला, मी बघतो.' चार ओले ओंडके रचले, खाली वर्तमानपत्र कोंबलं, काडी ओढली. अग्रलेख जळला. ओंडके जागच्या जागी.

मग दुसरा तज्ज्ञ सांगतो, वारा घाल. तिसऱ्याला रॉकेल हवं असतं. ते आता शोधूनही मिळत नाही, म्हणून चौथा बाइकमधून बाटलीभर पेट्रोल काढतो. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी टेकण्याची वाट पाहत नाही, हे त्याला कोण सांगणार? नुसत्या भुवयांवर भागलं, तर आईबापांची पुण्याई.

शेवटी जेवण वाढणारा गावातला पोरगा येतो. मूठभर वाळकं गवत, त्यावर बोटाएवढ्या काटक्या, मधे हवेला वाट, एक काडी. भडका! रीलमध्ये मात्र तज्ज्ञच.

आता मुद्द्याचं. शेकोटी एवढी मोठी कशासाठी? लहान शेकोटीला खेटून बसता येतं. मोठीपासून दहा फूट लांब पळावं लागतं. छाती भाजते, पाठ काकडते आणि समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तसंही स्पीकर चालूच असतो म्हणा.

रायगडात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. अर्ध्या तासात काम फत्ते. हुरड्याच्या आगटीत तर ज्वाळा नकोच, गोवऱ्यांचा निखारा पुरतो. तिथं आगीला काम असतं, म्हणून ती बेताची असते.

बेताची आग फोटोत येत नाही, एवढाच तिचा दोष.

मोठ्या आगीचं हे खूळ आपलंच आहे, असं समजू नका. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची पोरं दरवर्षी ओंडक्यांचा मनोरा रचून पेटवायची. नोव्हेंबर १९९९ मध्ये, रचता रचता, ५९ फुटांचा मनोरा कोसळला. १२ जण गेले. काडी लागायची होती अजून. विद्यापीठानं प्रकार बंद केला. मग पोरं थांबली?

छे! आवाराबाहेर करतात.

आपल्याकडे होळी आहेच. शेजारच्या मंडळापेक्षा हातभर उंच हवी, बाकी धर्मशास्त्र नंतर. शहरातली झाडं वाचवायचा कायदा १९७५ पासून आहे. होळीच्या तोंडावर मुंबईची पालिका त्याची आठवणही करून देते. कार्यकर्ते ती मन लावून वाचतात. करवत हातात धरूनच.

राखीव जंगलात आग लावणं तर १९२७ च्या वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. पण फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, आणि ठिणगीला हद्द कळत नाही. रात्री डोंगरावर लाल रेघ सरकताना दिसली, की खालून आवाज येतो, 'वॉव, काय व्ह्यू आहे!' वर वनखात्याचे मजूर हिरव्या डहाळ्यांनी तो व्ह्यू झोडपत असतात.

इकडे पवनाकाठी सकाळी ओंडके धुमसत पडलेले. शेजारी साडेआठ टीएमसीचं धरण. एक बादली आणून ओतायला कुणी आहे का?

नाही. सगळे पाण्याजवळ सेल्फी काढायला गेलेत.