बारा हजार रुपयांस खुले पत्र

श्रीमान बारा हजार रुपये यांस,


डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून, वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलाला आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावी वर्षाला ४३,००० रुपये मिळतात. भोजनाचे २५,०००, निर्वाहाचे ६,००० आणि निवासासाठी आपण. म्हणजे महिन्याला हजार. आदिवासी मुलांच्या स्वयम् योजनेत आपले सख्खे भाऊ आहेतच. वसतिगृह बांधायचे म्हणजे जागा आली, निविदा आली, गृहपाल आला. आपल्याला खात्यावर धाडले की काम झाले. बाकीचे आमचे गोंदियातले रामनगर बघून घेते.

हजारात आमच्याकडे खोली येत नाही, खाट येते. पूर्वी माझ्या माडीवर एका राइस मिलचे मुनीमजी सहकुटुंब राहत. आता त्याच दोन खोल्यांत सहा खाटा आहेत. मुनीमजी फुलचूरकडे गेले. हिशेबाचा माणूस, फार समजावावे लागले नाही. गल्लीतल्या घराघराला बाहेरून लोखंडी जिना फुटला आहे, आणि त्या जिन्यांखाली डबेवाल्या बाई, झेरॉक्स व अभ्यासिका नांदत आहेत.

आमची तक्रार एवढीच, की मुले राहतात. भाडे द्यावे आणि दिसू नये, इतके साधे त्यांना जमत नाही. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावहून येतात, घरच्या धानाचा तांदूळ पोत्यात घालून आणतात आणि खोलीत शिजवतात. मे महिन्यात कूलर लावतात. बोअर आटली की गल्ली त्यांच्या आंघोळी मोजते. सहा खाटांना एक संडास कोणी मोजत नाही. नाली तुंबली तर ती मुलांनी तुंबवली. ती उपसायला सांगायचे कोणी? मुलांचे मत गावाकडच्या यादीत, त्यामुळे निवडणुकीतही त्यांच्या जिन्याला कोणी पाय लावत नाही. शिवाय आपल्याला मिळवायचे तर ‘मी स्थानिक रहिवासी नाही’ असे शपथपत्र द्यावे लागते. गल्ली हे शपथेविना मानते.

आणि परक्या छताखाली राहणे ही काय मुलांचीच गोष्ट आहे? इथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ साली सुरू झाले ते केटीएस रुग्णालयाच्या आधाराने. त्याच्या स्वतःच्या इमारतीचे भूमिपूजन उपराष्ट्रपतींनी केले ११ फेब्रुवारी २०२४ ला. ओबीसी मुलांसाठी राज्यात ७२ वसतिगृहे ठरली, दर जिल्ह्यात दोन, तीही भाड्याच्या इमारतींत. भाड्याने घर शोधणाऱ्यांच्या रांगेत आता सरकारही आहे. त्याने तरी आपल्याला खिशात घालून माझ्या दारी यावे आणि एक खोली मागून पाहावी.

आपण वाढू नये, ही नम्र विनंती. आपण वाढलात तर मला भाडे वाढवावे लागेल, आणि मुलांचे हाल मला बघवत नाहीत.

आपला कृपाभिलाषी,
एक घरमालक, रामनगर, गोंदिया

ता. क. – शासनास वसतिगृहासाठी इमारत हवी असल्यास माझी गच्ची रिकामी आहे. दोन महिन्यांचे डिपॉझिट आगाऊ. विजेचे मीटर वेगळे. रात्री दहानंतर पाहुणे चालणार नाहीत, मंत्री असले तरी.