सोयीच्या कैवाऱ्यास अनावृत पत्र

लंडनच्या टीव्ही स्टुडिओतले थोर अभिव्यक्तिस्वातंत्र्यवादी यांस,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमचं कौतुक करायचं राहून गेलं होतं. नाव घालत नाही, कारण तुमचं एक नाव नाही. कधी तुम्ही निवेदिकेच्या डाव्या हाताला बसलेले असता, कधी उजव्या. टाय बदलतो, बोलण्याची ढब बदलते. पण "या देशात आता तोंड उघडायची सोय राहिली नाही" हे वाक्य तुम्ही राष्ट्रीय वाहिनीवर, ऐन गर्दीच्या वेळी, मानधन घेऊन म्हणता तेव्हा ऐकणाऱ्याला गहिवरून येतं.

२०२४चा उन्हाळा आठवतो? साउथपोर्टला तीन लहानग्या मुलींचे खून झाले, अफवा पसरल्या आणि दंगली पेटल्या. नॉर्थॅम्प्टनच्या एका हुजूर पक्षीय नगरसेवकाच्या पत्नीने निर्वासितांची हॉटेलं खुशाल पेटवून द्या, अशा अर्थाची पोस्ट लिहिली. गुन्हा कबूल केला, ३१ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच सुमारास वॉल्थमस्टोच्या वंशद्वेषविरोधी सभेत एका मजूर पक्षाच्या नगरसेवकाने ध्वनिक्षेपकावरून फॅसिस्टांचे गळे चिरले पाहिजेत असं सांगितलं, वर गळ्यावरून बोट फिरवून दाखवलं. त्याने आरोप नाकारला, खटला लढवला आणि ज्युरीने त्याला सोडून दिलं. तुमच्यापैकी निम्मे बाईंना राजबंदी ठरवून नगरसेवकाला फासावर द्यायला निघाले. उरलेल्या निम्म्यांनी नेमकं उलट केलं. एकीने न्यायाधीशापुढे गुन्हा कबूल केला होता, दुसरा ज्युरीपुढे गेला होता, हा फरक कुणाच्याच कामाचा नव्हता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

पुढच्या वर्षी तुमची आणखी एक परीक्षा झाली. ब्राइझ नॉर्टनच्या हवाई तळावर घुसून विमानांवर लाल रंग फवारणाऱ्या 'पॅलेस्टाइन ॲक्शन'ला सरकारने जुलै २०२५मध्ये दहशतवादी संघटनांच्या यादीत टाकलं. विमानाची नासधूस हा गुन्हाच, त्याला कायदे पुष्कळ आहेत. पण ९ ऑगस्टला पार्लमेंट चौकात काय दिसलं? पिकल्या केसांची माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन आलेली. त्यांनी पुठ्ठ्यावर जाड पेनाने दोन ओळी लिहिल्या: माझा वंशसंहाराला विरोध आहे, माझा पॅलेस्टाइन ॲक्शनला पाठिंबा आहे. मग पुठ्ठा मांडीवर धरून गप्प बसली. पोलिसांनी एकेकाला हातापायांना धरून उचललं. दिवसअखेर अटकेचा आकडा पाचशेच्या वर गेला. दुसरी ओळ लिहिणं हा तेव्हा दहशतवादविरोधी कायद्याखाली गुन्हा होता! मे महिन्यात नॉर्थॅम्प्टनच्या बाईंचं अपील फेटाळलं तेव्हा ज्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, ते तुम्ही त्या संध्याकाळी किती शांतपणे म्हणालात, "कायदा म्हणजे कायदा."

असो. आता ज्यूंविषयी. तुम्हाला त्यांची किती काळजी आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. फक्त आरोपी कुठल्या गोटातला आहे हे कळेपर्यंत ती सुरू होत नाही.

डाव्या खुर्चीतल्या तुम्हाला २०१६ आठवत असेल. लंडनचे माजी महापौर केन लिव्हिंगस्टन रेडिओवर हिटलर आणि झायोनिझमचं नातं समजावून सांगायला बसले. कुणी विचारलेलं नसताना! त्या दिवशी पत्रकारांच्या गराड्यातून सुटायला या थोर पुढाऱ्याने अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहाचा आश्रय घेतला. पुढे २०१८मध्ये मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांची एक जुनी टिप्पणी वर आली. पूर्व लंडनमधल्या एका भिंतीवर नाकाडे सावकार उघड्या पाठींच्या गरिबांवर पट मांडून खेळताहेत असं चित्र होतं. ते पुसायचं ठरलं तेव्हा कॉर्बिन चित्रकाराच्या बाजूने बोलले होते. आपण चित्र नीट पाहिलं नव्हतं, हा त्यांचा खुलासा. भिंतभर चित्र! २०२०मध्ये समानता आणि मानवी हक्क आयोगाने पक्षात ज्यूंचा बेकायदा छळ आणि त्यांच्याबाबत भेदभाव झाल्याचा निष्कर्ष काढला, तर त्याच दिवशी साहेबांचं म्हणणं की राजकीय हेतूने हे प्रकरण फुगवलं गेलं. इस्रायल सरकारवर टीका म्हणजे ज्यूद्वेष नव्हे, हे शंभर टक्के खरं. पण या खऱ्या वाक्याची ढाल करून तुम्ही कोणाकोणाला मागे लपवलंत, त्याची यादी तुम्हीच एकदा करून पाहा.

उजव्या खुर्चीत एवढ्यात हसू नका. टॉमी रॉबिन्सन या नावाने मिरवणारे स्टीफन यॅक्सली-लेनन तुमचे वाक्स्वातंत्र्याचे हुतात्मे ना? एका सीरियन निर्वासित शाळकरी मुलावरचे खोटे आरोप न्यायालयाने मनाई करूनही त्यांनी पुन्हा पुन्हा केले, म्हणून २०२४मध्ये अवमानाबद्दल १८ महिने. सप्टेंबर २०२५मध्ये त्यांनी लाखावर माणूस लंडनच्या रस्त्यावर आणला, इलॉन मस्क पडद्यावरून बोलले, आणि स्वातंत्र्याच्या त्या उत्सवात दोन डझनांहून अधिक पोलीस जखमी झाले. पुढच्याच महिन्यात इस्रायलच्या एका मंत्र्याने त्यांना ज्यूंचे मित्र म्हणून आमंत्रण दिलं. ब्रिटनमधल्या ज्यूंच्या प्रातिनिधिक संस्थेने, बोर्ड ऑफ डेप्युटीजने, जाहीर निषेध केला: हा आमचा मित्र नव्हे. तुमच्या कार्यक्रमात ती बातमी मला दिसली नाही. ज्यांच्यासाठी लढायचं, त्यांनाच विचारायचं म्हणजे जरा अतीच.

तसं तुमचं घराणं जुनं आहे. १९०५मध्ये पूर्व युरोपातून पळून येणाऱ्या ज्यूंना अडवण्यासाठी ब्रिटनने परकीयांविषयीचा कायदा केला, तेव्हा पंतप्रधान होते आर्थर बाल्फोर. बारा वर्षांनी पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारं पत्र गेलं, त्यावर सही आर्थर बाल्फोर यांचीच. ज्यू फार आवडतात, पण आमच्या गल्लीत नकोत!

एप्रिल २०२४मधली ती चित्रफीत तर तुम्ही पाठच केली असेल. पॅलेस्टाइनच्या मोर्च्यापाशी किप्पा ही ज्यू टोपी घातलेला माणूस, ज्यूद्वेषाविरुद्धच्या एका संस्थेचा प्रमुख, रस्ता ओलांडू पाहतो. हवालदार अडवतो आणि सांगतो, तुम्ही उघडउघड ज्यू दिसता. महानगर पोलिसांनी माफी मागितली. त्या माफीतच पुन्हा त्याच्याकडे बोट गेल्यामुळे, माफीबद्दल दुसरी माफी मागितली. मग बरीच लांब फीत बाहेर आली. तिच्यात हवालदार बराच वेळ त्याला दुसऱ्या वाटेने नेण्याची तयारी दाखवताना दिसतो. उजव्या तुम्ही छोटी फीत दाखवलीत, डाव्या तुम्ही लांब फीत दाखवलीत. एखाद्या माणसाचं ज्यू दिसणं ही पोलिसांच्या लेखी बंदोबस्ताची अडचण कधीपासून झाली, एवढा साधा प्रश्न दोन्ही फितींच्या मधे कुठेतरी पडून राहिला.

दरम्यान, ज्यांच्या नावाने हा तमाशा चालतो ती माणसं काय करत होती? ऑक्टोबर २०२३मध्ये वायव्य लंडनमधल्या एका ज्यू शाळेने मुलांना गणवेशाचा ब्लेझर ऐच्छिक केला, रस्त्यात ओळखू येऊ नये म्हणून. त्या वर्षी ज्यूंच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्टने चार हजारांहून जास्त ज्यूद्वेषी घटना नोंदवल्या. आदल्या वर्षी सोळाशेच्या वर होत्या. २ ऑक्टोबर २०२५ला, योम किप्पुरच्या पवित्र दिवशी, मँचेस्टरच्या हीटन पार्क सिनेगॉगवर हल्ला झाला. दोघे गेले, त्यातला एक पोलिसांच्याच गोळीने. दुसऱ्या दिवशी श्रद्धांजलीच्या सभेत उपपंतप्रधान बोलायला उभे राहिले तर लोकांनी त्यांना ओरडून खाली बसवायला पाहिलं. माझ्या मते त्या आठवड्यातलं सर्वांत प्रामाणिक मुक्तभाषण तेच. तुम्ही मात्र ते लगेच कापून आपापल्या बाजूला जोडलंत.

आणि "ज्यूंना काय वाटतं" हे परस्पर सांगून टाकायची तुमची सवय! लंडनच्या रस्त्यांवर गाझासाठीच्या मोर्च्यात ज्यूंचा स्वतंत्र जथा चालतो आणि गाझातल्या ओलिसांच्या सुटकेसाठीच्या सभांमध्येही ज्यूच असत. हे आम्हा मराठी लोकांना नवं नाही. आमच्या कोकणातले बेने इस्रायली, आमचे शनवार तेली, इस्रायलला जाऊन राहिले आणि तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यूपणाची चौकशी लावली, तेव्हा १९६४मध्ये जेरुसलेमला धरणं धरून बसले. शेवटी संसदेला ठराव करून ते इतरांसारखेच पूर्ण ज्यू असल्याचं सांगावं लागलं. तुमच्या खुर्च्यांमध्ये त्यांना कुठे बसवाल?

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

ता. क. हे पत्र पडद्यावर वाचून दाखवायचं ठरलं तर सगळं वाचा. लिव्हिंगस्टनचा परिच्छेद गाळलात की मी डावा ठरतो, यॅक्सली-लेननचा गाळलात की उजवा. वेळ फारच कमी असेल तर ब्लेझरचं तेवढं वाचा. पण त्यासाठी तुम्हाला पाहुणा मिळणार नाही.